सतरा आठे आणि वरिष्ठ

ऑडिटरला हाताळण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या चाकण पट्ट्यात नाही. गेल्या बुधवारपर्यंत तरी माझी तशी समजूत होती.

मी एका कंपनीत क्वालिटीला आहे. बायको सुनंदा कुरुळीच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गातली बहुतेक पोरं लातूर-परभणीकडून आलेल्या कामगारांची. वर्षभर घसा फोडून तिने त्यांचे पाढे पक्के केले होते. पण तपासणीचे साहेब यायचे, रजिस्टरं चाळायचे, चहा घ्यायचे आणि सही ठोकून जायचे. पोरांना कोणी एक प्रश्न विचारत नसे, याचं तिला फार वाईट वाटायचं. यंदाचे साहेब नवे, थेट वर्गात येऊन बसणारे. त्यामुळे बाई खुशीत होत्या.

माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून मंगळवारी सकाळी तिने मला वर्गात तक्ते टांगायला बोलावलं. (फक्त तक्ते!) ती कागद आणायला ऑफिसात गेली आणि मी पोरांना आमच्या कंपनीचा मंत्र दिला: ऑडिटरने काहीही विचारलं तरी घाईत बोलून फसायचं नाही. ताठ उभं राहायचं आणि म्हणायचं, "वरिष्ठांना विचारून सांगतो." दहा वेळा घोकून घेतलं.

बुधवारी साहेब आले. मी कौतुक बघायला दाराशी उभा. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या पूजाला नाव विचारलं.

"वरिष्ठांना विचारून सांगते," पूजा म्हणाली.

साहेब दचकले. मग त्यांनी सगळ्या वर्गालाच विचारलं, "सतरा आठे किती?"

"वरिष्ठांना विचारून सांगतो!" अख्खा वर्ग ताठ उभा.

सुनंदाचे डोळे भरून आले. तिची वर्षभराची मेहनत मी दहा मिनिटांत पाण्यात घातली होती.

"कोण हे वरिष्ठ?" साहेबांनी विचारलं. सगळी बोटं माझ्याकडे वळली.

"मग विचारा की त्यांना."

पूजा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, सतरा आठे किती?"

माझा हात आपोआप खिशातल्या मोबाइलकडे गेला. साहेबांनी नुसती नकारार्थी मान हलवली. मी हात बाहेर काढला.

"एकशे... सव्वीस?"

"एकशे छत्तीस की ओ काका," पूजा हळूच म्हणाली. तिला माझी दया आली असावी.

साहेब पोट धरून हसले. मग तासभर बसून त्यांनी एकेका पोराकडून पाढे म्हणून घेतले आणि जाताना शेरेबुकात लिहिलं, 'मुलांची तयारी उत्तम. वरिष्ठांची फेरतपासणी व्हावी.'

ती फेरतपासणी आता घरी रोज जेवणाआधी होते. मी अजून चौदाच्या पाढ्यावर आहे.