आईने न लावलेला प्रसाद

आईने देवळात प्रसाद लावून विचारली नाही अशी गोष्ट आमच्या घरात शोधून सापडायची नाही. विहीर कुठे खणायची, गाय विकायची की ठेवायची, मला सांगून आलेली मुलगी करायची की नाही, सगळं तिने ग्रामदेवतेच्या कानावर घातलं. भटजी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचे, आणि आई हात जोडून बघत राहायची. उजवीकडची पाकळी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. माझ्या बायकोच्या वेळी उजवी पडली. घरात खटका उडाला की मी अजून त्या पाकळीच्या नावाने खडे फोडतो.

फक्त एका प्रश्नाला आईने प्रसाद लावला नाही. तो माझ्या धाकट्या भावाचा होता.

भाऊ खनिजाचा ट्रक चालवायचा. आमच्या डिचोली भागात तेव्हा रस्ते, झाडं, वाळत घातलेले कपडे, सगळं लाल असायचं आणि त्या लाल धुळीवरच घरं चालायची. खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात उभा राहिला आणि भावाने दारू धरली. मी त्याला गटाराकडून उचलून आणायचो, वाटभर शिव्या हासडायचो. आई काही बोलायची नाही. ती त्याचं ताट झाकून ठेवायची.

मग कुणी ओळखीचा त्याला म्हापशाकडे येशूच्या प्रार्थनेला घेऊन गेला. तो जात राहिला आणि वर्षभरात बिलिव्हर झाला. आमच्याकडे अशांना बिलिव्हर म्हणतात, आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करतात. मीही करायचो. पण दारू सुटली हे खोटं नव्हतं. तो शाळेची बस चालवू लागला, दाढी करू लागला, आईच्या गोळ्या आठवणीने आणू लागला. आमच्याच अंगणाच्या टोकाला वेगळी खोली बांधून राहायचा. चवथीला मात्र घरात यायचा नाही, नैवेद्यही खायचा नाही. पूर्वी गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला रानातून कांगलां, घागऱ्यो, कसली कसली फळं तोच आणायचा. आता ती मला बाजारातून आणावी लागत, आणि आई दरवर्षी म्हणायची की माटोळी उघडीबोडकी दिसते.

मला त्याच्या देवाचा त्रास नव्हता. त्रास होता तो त्याच्या एका वाक्याचा. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "दादा, माका खात्री आसा."

माझा सगळा जन्म खाणीच्या लॅबमध्ये गेला. खनिजाचा नमुना आम्लात विरघळवायचा, थेंब थेंब द्रावण सोडत रंग पालटायची वाट बघायची आणि लोखंड किती ते लिहायचं. ढिगाकडे नुसतं बघून छातीवर हात मारणारे ठेकेदार मी खूप बघितले. त्यांनाही खात्री असायची. त्यातले काही बरोबरही निघायचे, पण त्यांच्या खात्रीमुळे नव्हे. म्हणून सोप्यावर बसलो की मी भावाला छेडायचो.

"तुका खात्री आसा, तशी आईक गणपतीची आसा. मगे खरो कोण?"

एकदा पाव घेऊन आलेल्या पोदेराला मी मुद्दाम थांबवलं. तो पिढीजात ख्रिस्ती, रोज पहाटे क्रूस करून भट्टी पेटवणारा. त्याला तेच विचारलं, तर सायकलची घंटी वाजवत म्हणाला, "तुजो भाव म्हाका सांगता, हांव सारको क्रिस्तांव न्हय!" पोदेरसुद्धा खरा ख्रिस्ती नव्हे म्हटल्यावर मी भावाकडे बघून इतका हसलो की ठसका लागला. भाऊही हसला. रागावणं त्याने दारूबरोबर सोडलं होतं, आणि वाद घालताना ते मला फार गैरसोयीचं व्हायचं.

"दादा," तो म्हणाला, "तुका भूक लागली काय तू पुरावो मागतस?"

"भूक लागली म्हणजे भूक लागली. तेवढ्यान भात शिजलो असा होता काय?"

त्याने बसची किल्ली उचलली. मग म्हणाला, "माझो भात शिजलो, दादा. मी जेवतंय तो."

 यावरचं उत्तर मला सुचलं तेव्हा तो बस घेऊन गेला होता. मला सुचलं ते असं: नमुना खरा आहे, हे मी मानतो. माणूस आतून पालटला, तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. पण नमुन्याच्या पिशवीला चिठ्ठी कुणी बांधली? त्या दिवशी त्याला भजनी मंडळातला कुणी भेटला असता तर चिठ्ठीवर विठ्ठलाचं नाव आलं असतं. संध्याकाळी हे मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "आयलो असतो. पण आयलो कोण?" मी भजनी मंडळातच होतो. मी त्याला शिव्या घालत होतो.

हे सगळं आई आतून ऐकायची. आम्हाला वाटायचं, तिला त्यात रस नाही.

मग तिचं हृदयाचं दुखणं वाढलं. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशन नको, जपा. त्याच सुमाराला बाजारात कुणी बाई तिला सांगून गेली की बिलिव्हरांच्या पुस्तकाप्रमाणे मूर्ती पुजणाऱ्यांना त्यांच्या स्वर्गात जागा नसते. आई घरी आली ती भाजीची पिशवी न उघडताच माझ्यासमोर बसली.

"तुज्या भावाचा ता खरा काय रे? तू इतकी वर्सां माती तपासलस. ह्या तपासून सांग माका."

"आणि खरा आसला तर?"

"तर तो एका जाग्यार जातलो आणि मी दुसऱ्या. माका तो गावाचो नाय."

गावणं म्हणजे आमच्याकडे सापडणं, भेटणं. जन्मभर गटारापासून देवळापर्यंत तिने त्या पोराला शोधलं होतं, आणि आता मेल्यावर तो गावणार नाही याची तिला धास्ती पडली होती.  मी नेहमीसारखी थट्टा केली. म्हटलं, "देवळात प्रसाद लाव."

आई एकदम म्हणाली, "नको. डावो पडलो तर?"

त्यानंतर मी भावाशी वाद घातला नाही.

त्या वर्षी चवथीला तो आला. घरात नाही, सोप्यापर्यंत. पोतंभर रानातली फळं तो आदल्या दिवशीच उंबऱ्यावर ठेवून गेला होता. "फळां देवानच केल्यात," एवढंच म्हणाला. मी माटोळी बांधली आणि ती भरगच्च झाली. आरती झाल्यावर आई मला म्हणाली, माका भायर ने. मी तिला खुर्चीसकट उचलून सोप्यावर भावासमोर ठेवली.

तिने आडवळण घेतलं नाही. "मी मेलंय काय तुका गावतलंय मा रे, पुता?"

भावाच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत त्याचं पुस्तक होतं. प्रश्न टाकला की तो ते उघडायचा, बोट ठेवून ओळ दाखवायचा. त्याने ते उघडलं नाही. कितीतरी वेळ तो आईच्या पायांकडे बघत राहिला. त्याच्या पुस्तकात काय आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि त्यात आईपुरती सवलत नव्हती हे मलाही ठाऊक होतं.

"गावतलंस," तो म्हणाला.

"खात्रीन?"

"खात्रीन, गो आई."

इतक्या वर्षांत तो शब्द म्हणताना त्याचा आवाज पहिल्यांदा कापला. आईला ते कळलं की नाही, सांगता येत नाही. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, त्याला नैवेद्यातल्या पातोळ्या आणून दे. त्याने त्या खाल्ल्या.

दिवाळीच्या आधीच आई गेली. बाराव्याला भाऊ विधींना बसला नाही, पण पाणी भरलं, पानं मांडली, लोकांना वाढलं. सगळे गेल्यावर आम्ही दोघेच सोप्यावर उरलो. तिची खुर्ची तशीच होती. मी विचारलं, "आईक खात्री दिलस, ती खरी?"

मला वाटलं, आता तेच वाक्य येईल.

"म्हायत नाय, दादा," तो म्हणाला. "पण रोज देवाकडे मागतंय."

किती वर्षं मी त्याची खात्री पाडायला टपलो होतो. आता ती पडलेली समोर दिसली आणि मला एकदम पोरकं वाटलं. तिच्या आधारावर आई शेवटचे दिवस सुखाने जगली होती. मीही जगत होतो, हे मला तेव्हा कळलं.

"मगे माग," मी म्हटलं. "सोडू नको. माकाय आई गावाक होयी."