माळ लांबत होती

"लेप्टोस्पायरोसिस आहे," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या गळ्यातली माळ दोन बोटांनी बाजूला करून त्यांनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. उंदीर-घुशींची लघवी शेतातल्या पाण्यात मिसळते, पायाच्या चिरेतून आत शिरते आणि ताप येतो, कधी डोळेही पिवळे होतात, असा हा आजार. मग त्यांनी विचारलं, "काल लघवी किती झाली?" मला आठवेना. घरात हे कोणी विचारलंच नव्हतं.

आम्ही किन्हवलीकडचे. भाताच्या लावणीत अंग मोडून आलं, ताप भरला, तर त्याला आमच्यात कोणी आजार म्हणत नाही. दिवसभर चिखलात वाकल्यावर पोटऱ्या दुखणारच की! मी गोळी घेतली आणि पुन्हा शेतात उतरले.

डोळे पिवळे झाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कावीळ हाय गो. माळ घालते." त्यांच्या हातची माळ अख्ख्या गावाला ठाऊक. काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठवलेले. काड्या सुकतात, दोरा सैल पडतो, माळ लांबत जाते. ती पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. माझी माळ रोज लांबत होती आणि आम्ही खूश! आत किडन्या बंद पडत चालल्या होत्या, लघवी कमी होत होती.

ताप उतरेना म्हणून शहापूरचा दवाखाना गाठला, आणि आजार कळल्यावर तिथून मला पुढे ठाण्याला नेलं. डायलिसिस करावं लागलं, म्हणजे किडनीचं काम मशीननं करायचं. रक्त नळीतून बाहेर जातं, गाळून परत येतं. घाबरले हो, खोटं कशाला सांगू? नवरा बाहेर बाकावर बसून राहायचा. आत सोडलं की माझे पाय चेपायचा. शेवटी एका सकाळी नळीला लावलेल्या पिशवीत लघवी बऱ्यापैकी जमली. नर्सनं ती डॉक्टरांना दाखवली तसं मला रडू फुटलं. लघवीसाठी कोणी रडतं का? मी रडले.

घरी आल्यावर मुरबाडच्या एका दिवाळी अंकासाठी हे सगळं लिहून काढलं. देवाची कृपा, जगण्याचं मोल, असं छान सजवून. संपादक बाईंचा फोन आला. "चांगलं आहे. पण तुम्ही दवाखान्यात इतक्या उशिरा का गेलात? वाचणारी बाई तेवढंच शोधणार."

माळ मी मुद्दाम गाळली होती. तापात माझ्या उशाशी बसून पट्ट्या बदलणाऱ्या सासूला गावासमोर कशी उभी करू? जीव होईना. बरेच दिवस पेन उचललं नाही. मग माळेसकट लिहिलं, पण 'एका शेजारणीनं घातली' असं केलं, आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्या ओळीवर आल्यावर त्यांचा हात थांबला.

"शेजारीण कशाला? मीच घातली ना?"

मी कागद खाली ठेवला.

"माझं नाव टाक. नायतर लोकं म्हणतील, असंल कुणीतरी येडी, आपल्याकडं असं होत नाय." आणि सूप तसंच ठेवून त्या मागच्या दारी जाऊन बसल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तुम्ही आपलं दुखणं लिहायला बसलात तर एवढंच सांगते. जे झाकावंसं वाटतं, तेच बहुतेक दुसऱ्याच्या कामाचं असतं. पण ते ज्याचं आहे त्याला आधी वाचून दाखवा.

सासूबाईंच्या नावासकट लेख छापून अंक निघाला. वाटलं, आता माळेसाठी कोण येतंय! पण यंदा लावणीत एक बाई नवऱ्याला धरून आमच्या ओट्यावर आलीच. त्याचे डोळे हळदीसारखे. मी दारातून बघत होते. सासूबाईंनी दोरा काढला नाही. त्याला जवळ बसवलं, डोळ्यांत पाहिलं.

"काल लघवी किती झाली रे?"

त्याला आठवेना.

"ऊठ मग," सासूबाई म्हणाल्या. "माळ मागनं बघू. सून रिक्षा बोलावतेय, आधी शहापूरला जा."