लालबागच्या गटारातली बातमी

शहराच्या सांडपाण्यात कुठला विषाणू वाढतोय ते तपासणाऱ्या परळच्या एका प्रयोगशाळेत मी काम करते. माणूस दवाखान्याची पायरी चढायच्या आधीच त्याचा आजार गटारात पोचलेला असतो, म्हणून हा खटाटोप. निकाल परस्पर बाहेर सांगायचे नाहीत, हा आमचा नियम. पण संक्रांतीच्या सुमाराला लालबागच्या नमुन्यांत कोरोना एकदम वाढलेला दिसला, आणि मी तिथल्या चाळीत राहणाऱ्या आईला फोन केला.

"आई, हळदीकुंकवाला जाऊ नकोस. तुमच्या भागातल्या गटारात कोरोना सापडलाय."

आईने ते शेजारी सांगितलं. संध्याकाळपर्यंत 'भागातल्या'चं 'आपल्या चाळीच्या' झालं, आणि मग माणूस शोधणं आलंच. शेवटच्या खोलीतले काका कायम खोकायचे. गिरणीत असताना कापसाची धूळ छातीत बसलेली. तो खोकला ऐकतच मी मोठी झाले. आता मात्र तो सगळ्यांना नव्याने ऐकू आला. नळावर काकूंशी कुणी बोलेना. सामाईक संडासाच्या दारावर कुणीतरी खडूने लिहिलं, 'खोकणाऱ्यांनी दुसरीकडे जावे.'

हे सगळं आईनेच फोनवर सांगितलं. वर म्हणाली, "बरं झालं गो, तू आधीच सांगितलंस."

डबा तसाच बंद करून मी चाळीत जायचं ठरवलं.

रविवारी जाऊन मी गॅलरीत सगळ्यांना गोळा केलं. "अहो, आम्ही तपासतो त्या नमुन्यात अख्ख्या लालबागचं पाणी एक झालेलं असतं. कुणाच्या खोलीतून काय आलं ते आम्हालाही कळत नाही. मी अर्धवट बोलले. चूक माझी."

समोरच्या वहिनींनी ओलं फडकं घेऊन खडूची अक्षरं पुसली.

मग मी शेवटच्या खोलीत गेले. काकांनी कोरोनाची तपासणी केव्हाच करून घेतली होती, काही निघालं नव्हतं.

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगून खोकला थांबणार होता?" काका म्हणाले.

काकूंनी चहा ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

होळीच्या आधी दोघं मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेली. मुलाने फारच आग्रह केला म्हणून, असं आई म्हणते. असेलही. मी मात्र अजून तिच्या त्या म्हणण्याला एकदाही 'हो' म्हटलेलं नाही.