तात्यांची निर्धाव षटकं

अठ्ठ्याण्णव साली मी कतारला निघालो तेव्हा सहार विमानतळावर बाबा आणि माझा धाकटा भाऊ विनू सोडायला आले होते. बायको आणि मुलगी नाशिकलाच थांबल्या होत्या. मी आत जाण्याआधी बाबा म्हणाले, "कोणी विचारलं तर सांग, आमच्या घरातून परदेशी जाणारा मी पहिला नाही."

पहिले म्हणजे तात्या, माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. पहिल्या महायुद्धाच्या आधी हिंदुस्थानचा संघ बोटीनं विलायतेला गेला, त्यात ते अष्टपैलू म्हणून होते. डावखुरी फिरकी टाकायचे आणि खालच्या क्रमांकावर चिवट खेळायचे. परत आल्यावर काही वर्षं मुंबईत खेळले आणि मग रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी करून निवृत्त झाले. आमच्या घरात ही सगळी कारकीर्द तीन शब्दांत सांगितली जाई : "विलायतेत शंभर बळी!" लग्न असो की बारसं, नव्या माणसाला हे ऐकवल्याशिवाय बाबा पानावर बसत नसत.

मी रास लफानच्या गॅस प्रकल्पात प्लॅनिंगमध्ये लागलो. राहायला दोह्याच्या नजमा वस्तीत, चौघांत एक खोली. शुक्रवारी इंडस्ट्रियल एरियाजवळच्या मोकळ्या जागेत क्रिकेट चाले. जुम्म्याच्या नमाजाआधी सामना खलास करायचा, म्हणून उजाडताच टॉस. मला खेळण्यापेक्षा आकड्यांत गती, म्हणून मी स्कोअरर. आमचे कॅप्टन सलीमभाई सियालकोटचे. त्यांना तात्यांचं सांगितलं तर म्हणाले, "यार, हर हिंदुस्तानी का दादा विलायत में खेला है! सौ विकेट? यल्ला, चलो, स्कोअरकार्ड दिखाओ!" पुढे बायको आणि मुलगी आल्या तेव्हा याच माणसानं आम्हाला फ्लॅट शोधून दिला आणि स्वतःच्या पिकअपमधून फ्रीज आणून तिसऱ्या मजल्यावर चढवला. ते उपकार मी विसरलेलो नाही.

काही वर्षांनी जुने धावफलक इंटरनेटवर दिसू लागले. मी त्या दौऱ्यातले तात्यांचे सगळे सामने काढून बेरीज केली. बळी पन्नाससुद्धा भरत नव्हते. पुन्हा बेरीज केली, तेवढेच. मुलगी मागून वाकून बघत म्हणाली, "सो ही वॉज जस्ट ॲव्हरेज, बाबा?"

एरवी मी गप्प बसलो असतो. पण त्याच सुमारास नाशिकच्या एका जुन्या क्लबानं तात्यांचा फोटो लावायचं ठरवलं होतं, आणि खालच्या पाटीचा मजकूर बाबांनी दिला होता. मी विनूला फोन केला. तो म्हणाला, "दादा, बायपास होऊन वर्ष नाही झालं बाबांना. तू तिकडून बॉम्ब टाकणार आणि इथं मी निस्तरणार. पण खोटी पाटी लागली आणि कोणी चारचौघांत बोललं, तर ते जास्त लागेल त्यांना. जपून सांग."

मी बाबांना फोन करून जपून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "षटकं किती टाकली त्यांनी?"

"भरपूर. आणि निर्धाव षटकं संघात सगळ्यांत जास्त."

"मग शंभर शंभर करणारे आम्हीच खुळे. त्यांनी एक टोक बांधून ठेवलं, म्हणून समोरच्याला विकेटा मिळाल्या. हे लिहू या की पाटीवर." मग आत बघून ओरडले, "विनू, त्या पेंटरला थांबव रे!"

विनूनं फोन घेतला. "दादा, निर्धाव म्हणजे स्वतःही काही द्यायचं नाही आणि कोणाला घेऊही द्यायचं नाही. कौतुक कसलं यात?"

मी हसलो, पण फोन ठेवल्यावर आम्हा दोघा भावांची बेरीज करायला लागलो. मी इकडे आलो, मुलीची शाळा झाली, नाशिकला फ्लॅट झाला. हे सगळे नातेवाइकांना दिसणारे आकडे. त्या वर्षांत आईचं शेवटचं आजारपण आणि बाबांचं ऑपरेशन विनूनं काढलं. पुण्याची चांगली नोकरी त्यानं न बोलता सोडली. मी दोह्यात निर्धास्त झोपत होतो, ते त्याच्या जिवावर. पुढच्या फोनवर मी त्याला हे तसंच सांगितलं. तो म्हणाला, "बरा आहेस ना दादा? ऊन लागलं का?"

तेव्हापासून आम्ही एक रीत पाडली. मी सुट्टीवर गेलो की महिनाभर विनू आणि त्याची बायको घराबाहेर, कोकणात नाहीतर कुठंही. बाबांचं जेवण, डॉक्टर, औषधं माझ्याकडे. पूर्वी मी नाशिकला पाहुणा असायचो आणि चौथ्या दिवशी कंटाळायचो. आता महिना पुरत नाही. माझ्यापुरतं घर म्हणजे आता हेच, माझ्या वाट्याला आलेलं काम.

विनूचा गुहागरहून रोज फोन येतो. "दादा, बाबांची सकाळची गोळी दिलीस ना?"

मी म्हणतो, "दिली."

आणि बाबा आतून ओरडतात, "अजून नाही दिली!"