आप्पांच्या गाईचं नापास दूध

आप्पा गेले, आणि त्यांच्या गाईचं दूध अजून नापास आहे.

ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी लिहावीत की नाही, मला कळत नाही. पण आज डोक्यात ती तशीच आहेत.

परशराम आप्पा आमच्या गल्लीतले. गावच्या डेअरीत दूध घालणारे सगळे त्यांना ओळखतात. परवा सकाळी गोठ्यात धार काढायला बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

मी त्याच डेअरीत दूध तपासतो. बी.एस्सी. अर्ध्यात सोडली, पण स्ट्रिप वाचता येते.

दुधात बुडवायची. दोन रेघा आल्या तर पास. एकच आली, तर दुधात अँटिबायोटिक उतरलंय.

असलं एक किटली दूध टँकरमध्ये गेलं, तर मच्छे गावातल्या मोठ्या डेअरीच्या लॅबमधून अख्खा टँकर परत येतो. मला त्याचीच भीती असते.

आप्पांच्या गौरीच्या कासेला सूज आली, इंजेक्शनं झाली. आप्पांनी स्वतःच येऊन सांगितलं. तेव्हापासून तिचं दूध वेगळ्या किटलीत आणायचे.

"बघ रं, सुन्या."

"एकच रेघ, आप्पा. नापास."

"एक तर आली न्हवं? आमच्या थोरल्याचं धाव्वीत तेवढंबी आलं न्हवतं!"

लाइनीतले सगळे हसायचे. मी स्ट्रिप परत उजेडात धरून बघायचो.

"ओतून टाका, आप्पा. वासराला पण पाजू नका."

"दूध भुईवर वतायचं? खुळा का काय? गाय आटती."

झाकण लावून किटली घरी न्यायचे. त्या दुधाचं पुढं काय करतात, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

आज सावडायचं होतं. राखेवर शिंपडायला दूध लागतं.

आक्कांनी, म्हणजे आप्पांच्या मालकिणीनं, पुतण्याकडून किटली डेअरीत पाठवली. गौरीचंच दूध. तपासायला.

मी दोनदा तपासलं. मग किटली घेऊन स्वतःच घरी गेलो.

"काय आलं?" आक्का दारातच होत्या.

"नापास, आक्का."

"परड्यात जाऊन बघ. सगळ्या बरण्या त्याच दुधानं भरल्यात. नासलं तरी वतू देईनात."

पुतण्या म्हणाला, "चौकातनं पाकिटाचं आणतो की."

"पाकिटाचं? जल्मभर गाई राखल्या त्या माणसानं, आन् त्येंच्यावर पाकीट फोडतोस व्हय रं?"

मग माझ्याकडं वळल्या.

"प्यायला न्हाय रं, बाळा. त्येंच्यासाठी. चालतंय का, तेवढं सांग."

स्ट्रिपच्या डब्यावर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं. मी ते पाठ केलंय.

हे त्यात कुठंच नव्हतं.

मी म्हणालो, "चालतंय."

स्मशानात पुतण्यानं किटली कलंडली. दूध राखेतून भुईत गेलं.

आप्पांनी कधी होऊ दिलं नाही, ते आम्ही त्यांच्यावरच केलं. माझ्या शब्दावर. बरोबर सांगितलं की चूक, अजून कळत नाही. कुणाला कळलं तर सांगा.

थोड्या दिवसांत गौरीची दुसरी रेघ उमटेल. नक्की उमटेल.

मग "आप्पा, पास!" म्हणून कुणाला हाक मारू?

आप्पा, शेवटचा नमस्कार.

गौरी आटू नये, एवढं तिकडून बघा.