अण्णाचा पाट

"आक्का, बैल आपले आपणच आलेत," शेजारचा बाळाप्पा दारातून म्हणाला. मी बाहेर आले. गाडी अंगणात उभी होती आणि अण्णा, माझा थोरला भाऊ, आत कडब्यावर निजल्यागत पडला होता… त्याला जाऊन दीड महिना झाला. अंगातला शीण उतरत नाही, म्हणून लिहिते.

अण्णा बाजाराच्या दिवशी भात घेऊन खानापूरला जायचा. वाटेत भेटेल त्या म्हाताऱ्याला, गरिबाला गाडीत घ्यायचा. सडकेवर मोटार सुरू झाली होती, पण तिची पायरी उंच, आणि असल्या माणसांसाठी ती थांबत नसे. गाडीत चढणंही त्यांना जडच. म्हणून अण्णानं स्वतःचा जेवायचा पाट दोरीनं गाडीच्या मागं पायरीसारखा टांगला. "जेवायच्या पाटावर लोकांचे पाय?" आई म्हणाली. "मी भुईवर जेवीन की," तो म्हणाला, आणि तेव्हापासून भुईवरच जेवला.

पाणवठ्यावर बायका हसायच्या. "तुझा अण्णा देव्हारा कधी टांगतोय गं गाडीला?" मी घागर उचलून घरची वाट धरायची. एका बाजाराच्या सकाळी मी तो पाट सोडून कणगीमागं लपवला. त्या दिवशी डोळ्यांच्या औषधासाठी दवाखान्यात निघालेली म्हातारी गंगाक्का, अण्णा बैलांपाशी असताना, चाकावर पाय देऊन चढू गेली आणि पडली. कंबर मोडली. अंथरुणातून पुन्हा उठली नाही… घरी आल्यावर अण्णानं एवढंच विचारलं, "तारे, पाट कुठं हाय गं?" मी चुलीतली लाकडं सारत राहिले. त्यानंच शोधून परत टांगला. पुन्हा विषय काढला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

तेराव्याला अण्णाचं पान मांडताना काकांनी नवा पाट मागितला. मी गाडीचा पाट सोडून, धुऊन आणला. टाचांनी मधोमध झिजलेला.

"अगं, लोकांच्या पायाखालचा न्हवं त्यो?" काका म्हणाले.

"व्हय. पर त्येचाच हाय. गंगाक्का पडली त्या दिवशी म्याच लपवला हुता."

इतक्या माणसांत मी पहिल्यांदाच बोलले. काकांनी पानापुढं तोच पाट सरळ केला.

आता बैल काकांच्या गोठ्यात आहेत, गाडी उभीच असते. पाट मी ओसरीच्या पायरीशी ठेवलाय. बाजाराच्या दिवशी म्हातारी माणसं त्यावर जरा टेकतात, पाणी पितात, आणि उठून चालू लागतात. खानापूर अजून लांब असतं.