मोजणाऱ्याची मूठ

जयवंतराव शिर्के पलंगावरून घसरले तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. कौमुदीबाईंनी घड्याळ बघितलं, कारण ती सवय हाडात मुरली होती. एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. काही पेटवलं, ओतलं, सांडलं की आधी वेळ बघायची आणि मग फडकं शोधायचं.

जानेवारीत अर्धांगाचा झटका येऊन जयवंतरावांची उजवी बाजू गेली होती, आणि त्यासोबत बोलणंही. त्यांचं वजन शहात्तर किलो. कौमुदीबाईंचं बावन्न. त्यांनी काखेत हात घालून ओढून बघितलं. चादर खाली सरकवून बघितली. समोरच्या कोकिलाबेन लग्नाला आणंदला गेल्या होत्या, वॉचमन फोन उचलत नव्हता आणि मुलीचा, आकांक्षाचा, फोन मीटिंगमध्ये बंद होता. कारेलीबागेतली जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. शेवटी त्या जमिनीवर बसल्या आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं.

चारच्या सुमारास जयवंतरावांची लुंगी ओली झाली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि झोपल्याचं सोंग घेतलं. एवढ्या वर्षांच्या संसारात कौमुदीबाईंना ते सोंग लगेच ओळखू आलं. त्यांनी ओळखल्याचं दाखवलं नाही.

पावणेपाचला मुलगी आली. दोघींनी मिळून त्यांना कसंबसं वर चढवलं. आकांक्षाने वडिलांचे कपडे बदलले, मग आईला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"आई, हे तुझ्याने होणार नाही."

"आज झालं नाही."

"अडीच तास बाबा जमिनीवर होते. वाघोडिया रोडला एक जागा आहे, मी बघून आलेय. स्वच्छ आहे. उचलायला चार माणसं आहेत तिथे."

"आणि तिथे त्यांचं बोलणं कोणाला कळणार?"

"ते बोलत नाहीत, आई."

कौमुदीबाईंनी गॅसवर चहा ठेवला. आकांक्षा मांजलपूरहून स्कूटर मारत आठवड्यातून तीनदा यायची, सयाजीगंजचं ऑफिस सांभाळून. ती निर्दय नव्हती, थकली होती. म्हणून कौमुदीबाई भांडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मुदत दे."

"कसली मुदत?"

"मी त्यांना जमिनीवरून एकटीने उचलून दाखवेन."

आकांक्षा हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "आमच्या ऑफिसात शंभर दिवसांचं पुश-अपचं चॅलेंज लावलंय. तिशीतल्या पोरी आठव्या दिवशी पळाल्या. तू सत्तावन्न वर्षांची आहेस."

"शंभर दिवस म्हणजे कधीपर्यंत?"

आकांक्षाने फोन काढून मोजलं. "दसरा."

"मग दसऱ्यापर्यंत. त्या दिवशी तुझ्यासमोर उचलेन. नाही जमलं तर तू म्हणशील तिथे ने त्यांना. मी एक शब्द बोलणार नाही."

जयवंतरावांच्या व्यायामासाठी कोमल नावाची एक मुलगी दिवसाआड यायची. कौमुदीबाईंनी तिलाच गाठलं. तिने त्यांची मनगटं दाबून बघितली, खांदे बघितले आणि स्पष्ट सांगितलं.

"काकू, उचलताना जोर मांड्यांचा लागतो, त्यासाठी बैठका. पण वजन छातीशी धरून ठेवायचं तर मनगट, खांदे, पाठ सगळं एकत्र ताठ राहायला हवं. त्याला पुश-अपसारखं काही नाही. आपल्या काकांच्या तालमीतले जोर. आधी भिंतीला टेकून, मग ओट्याला, मग पलंगाच्या कडेला. जमिनीवर शेवटी."

शिर्क्यांच्या घराला जोर नवे नव्हते. जयवंतरावांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते. फौज संपली, घोडे गेले, पण घरातल्या पुरुषांची तालीम सुटली नाही. जयवंतराव कारखान्यात फोरमन होते तरी पहाटे तालमीत जाऊन मगच पाळीवर जायचे. बायकांनी मात्र जोर काढल्याचं त्या घराच्या आठवणीत नव्हतं. दसऱ्याला तालमीत जोर लागायचे तेव्हा बायका आरतीची ताटं घेऊन दारात उभ्या राहायच्या, तेवढंच.

पहिल्या दिवशी भिंतीला टेकून चार झाले. कौमुदीबाईंनी जुन्या जर्नलमध्ये तारीख घालून लिहिलं: भिंत, ४. आठवड्याने ओट्याशी आल्या. कोकिलाबेन वाटीभर साखर मागायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"हाय हाय कौमुदीबेन, आ उंमरे? ओटा पडी जशे."

"ओटा नाही पडणार. मी पडेन."

"तो मने बूम मारजो," म्हणून कोकिलाबेन साखर घेऊन गेल्या. तेव्हापासून रोज सकाळी त्या आपलं दार उघडं ठेवू लागल्या, हाक ऐकू यावी म्हणून.

मनगटं सुजायची. पोळी लाटताना लाटणं हातात ठरत नसे. केस विंचरायला हात वर जात नसत, म्हणून त्यांनी केस कापून मानेपर्यंत आणले. रात्री कूस बदलताना बरगड्या बोलायच्या. ऑगस्टमध्ये एकदा पलंगाच्या कडेवरून हात निसटला आणि हनुवटी फुटली. चार टाके पडले. आकांक्षाने टाके बघितले, डबा ठेवला आणि निघून गेली. ते तसं निघून जाणं टाक्यांपेक्षा जास्त दुखलं.

मोजणं सुरू झालं ते कोमलमुळे. जयवंतरावांना बायकोचं नाव येत नव्हतं, पाणी हा शब्द येत नव्हता, पण कोमलने एकदा "एक, दोन" म्हणून सोडून दिलं तर ते पुढे थेट वीसपर्यंत गेले.

"ओळीने पाठ झालेलं आत वेगळं साठवलेलं असतं, काकू. झटक्यातून ते कधीकधी वाचतं. त्यांच्याकडून रोज मोजून घ्या. पण एकाच शब्दावर अडकले, तोच तोच म्हणायला लागले, तर थांबायचं आणि मला फोन करायचा."

तेव्हापासून कौमुदीबाई पलंगाशेजारी जोर काढायच्या आणि जयवंतराव मोजायचे. आवाज जाडसर, शब्द ओला, पण आकडा आकड्याच्या जागी. घरात पुन्हा पुरुषाचा आवाज ऐकू येऊ लागला.

जमिनीवरच्या पहिल्या आठवड्यात ते सहावर अडकले.

"सहा," ते म्हणाले. कौमुदीबाई खाली जाऊन वर आल्या. "सहा." पुन्हा गेल्या. "सहा." त्यांनी घाबरून कोमलला फोन लावला. कोमल म्हणाली, आज आराम द्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. सहा, सहा, सहा. कौमुदीबाई तशाच पालथ्या पडून राहिल्या. आकडेही गेले, असं त्यांना वाटलं. उरलं होतं तेवढंही गेलं.

मग त्यांना टकटक ऐकू आली. जयवंतराव डाव्या मुठीने पलंगाची फळी ठोकत होते. कपाळाला आठी पडली होती. ती आठी कौमुदीबाईंनी तालमीच्या दारातून कितीतरी दसऱ्यांना बघितली होती.

त्या तालमीत जोर काढणारा स्वतः मोजत नसे. मोजलं तर दम तुटतो, आणि माणूस स्वतःशी लबाडी करतो. मोजायला दुसरा बसायचा, आणि तीस वर्षं तो दुसरा म्हणजे जयवंतराव. ते मातीवर मूठ ठेवायचे, काढणाऱ्याच्या छातीखाली. छाती मुठीला टेकली तरच जोर धरायचा. नाही टेकली तर रागवायचं नाही, टोकायचं नाही, फक्त मागचाच आकडा पुन्हा म्हणायचा. मोठमोठे पहिलवान त्यांच्यासमोर एकाच आकड्यावर घाम गाळत राहिलेले होते.

कौमुदीबाई पुन्हा हातांवर आल्या. या वेळी पार खाली गेल्या, गाऊनची बटणं फरशीला लागेपर्यंत.

"सात," जयवंतराव म्हणाले.

जानेवारीपासून पहिल्यांदा कौमुदीबाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्या फरशीवर आपटल्या. "अहो, बायकोला तरी सूट द्या की."

"सात," ते म्हणाले. तो जोर धरलेला नव्हता.

त्यानंतर पद्धतच पडली. त्यांना डाव्या कुशीवर पलंगाच्या कडेला घ्यायचं, हात खाली सोडायचा, मूठ फरशीवर. कौमुदीबाई त्या मुठीवर छाती टेकवायच्या आणि उठायच्या. आकडा अडकला की त्या मनात म्हणायच्या, म्हातारा सोडत नाही. आणि आणखी खाली जायच्या. कोमलला त्यांनी हे हसून सांगितलं. कोमलही हसली. फोन करायचा नियम तिथेच सुटला, आणि तो सुटल्याचं दोघींच्याही लक्षात आलं नाही.

सप्टेंबरात उचलण्याचा सराव सुरू झाला. आधी माणसाला बसतं करायचं, मागून काखेत हात घालून छातीशी आवळायचं, मग मांड्यांवर भार घेऊन उठायचं. पहिल्या तीन वेळा दोघं मिळून खाली बसले. चौथ्या वेळी अर्ध्यावर आले. नवरात्राच्या तोंडावर, खाली मैदानात गरब्याचे खांब रोवत होते त्या दुपारी, जयवंतराव जमिनीवरून पलंगावर पोचले. कौमुदीबाईंचे दोन्ही दंड काळेनिळे झाले होते. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. दाखवायचं ते दसऱ्याला.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी दाराला तोरण लावलं, आपट्याची पानं ताटात ठेवली आणि सातला पदर खोचला. आकांक्षा आठला येणार होती. तालमीत त्या दिवशी प्रत्येकाने निदान एकवीस काढायचे, अशी रीत. कौमुदीबाईंचे आजवर सर्वांत जास्त एकोणीस झाले होते.

"एकवीस," त्यांनी नवऱ्याला बजावलं. "आज सण आहे. उगीच अडवू नका."

त्यांनी जयवंतरावांची मूठ वळून फरशीवर ठेवली. पंधरापर्यंत दम होता. सोळाला हात थरथरू लागले. सतरा.

"सतरा," जयवंतराव म्हणाले.

पुढचा जोर त्यांना चांगला गेल्यासारखा वाटला. "सतरा."

त्या थांबल्या, श्वास घेतला, आणखी खाली गेल्या. "सतरा."

सणाच्या दिवशीसुद्धा. राग आला, आणि रागाने हातांत बळ आलं. मुठीवर छाती पूर्ण दाबून त्या उठल्या. "सतरा." परत. "सतरा." घाम डोळ्यांत जात होता, फरशी दिसत नव्हती. मी टेकवतेय, तुम्हाला कळत नाही का, असं मनात म्हणत त्या पुन्हा गेल्या, पुन्हा उठल्या. आकडा आता पुसट येत होता. दमले असतील, त्यांना वाटलं. नवव्या खेपेला आकडा आलाच नाही.

आणि छातीखाली मूठ नव्हती. उघडा तळवा होता, बोटं पसरलेली.

त्यांनी मान वळवली. जयवंतरावांचा चेहरा डावीकडूनही खाली ओघळला होता. डोळे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते. मग त्यांचं सगळं अंग कडेवरून सुटलं आणि कौमुदीबाईंच्या पाठीवर आलं.

त्यांनी ओरडून कोकिलाबेनना हाक मारली. समोरचं दार उघडं होतं, पण कोकिलाबेन देवळात गेल्या होत्या. कौमुदीबाई खालून निघाल्या. नवऱ्याला बसतं केलं. काखेत हात घातले, छातीशी आवळलं, आणि उठल्या. एकदाच, न थांबता. शहात्तर किलो पलंगावर ठेवलं, कुशीवर वळवलं, आणि १०८ ला फोन लावला. घड्याळात सात वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

आकांक्षा आली तेव्हा अँब्युलन्सची माणसं जिन्यावर होती. तिच्या हातात फाफडा-जिलेबीचा पुडा तसाच होता.

"पडले होते?"

"हो."

"मग वर कोणी ठेवलं?"

कौमुदीबाईंनी पायात चपला सरकवल्या. आकांक्षाने आईचे दंड बघितले, नवे आणि जुने डाग.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "नक्की कधी सुरू झालं?" कौमुदीबाईंनी आयुष्यभर वेळा अचूक सांगितल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सात वाजून एकोणीस मिनिटांनी मी फोन केला." ते खरं होतं. नऊ जोरांना त्या दिवशी किती वेळ लागला असेल, दोन मिनिटं की तीन, आणि तेवढ्याने काही फरक पडला असता का, हे त्या विचारू शकल्या असत्या. त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

जयवंतराव बाराव्या दिवशी घरी आले. वाघोडिया रोडचं नाव आकांक्षाने काढलं नाही. अट पुरी झाली, एवढं तिने स्वतःहून मान्य केलं. आता ते मोजत नाहीत. कोमल "एक, दोन" म्हणून थांबते आणि खोलीत पंखा ऐकू येतो. घर ओळखतात की नाही, कळत नाही. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. कौमुदीबाई ते एकटीने करतात.

त्या अजूनही रोज सकाळी पलंगाशेजारी जोर काढतात. नवऱ्याचा डावा हात कडेवरून खाली सोडतात, बोटं वळवून मूठ करतात. ती लगेच उघडते. तळव्यावर छाती टेकवून त्या उठतात, हातांतलं बळ जाईपर्यंत. किती झाले हे त्यांना माहीत नसतं. काढणाऱ्याने मोजायचं नसतं.

दिवाळीच्या सफाईत आकांक्षाच्या हाती ते जर्नल आलं. भिंत, ओटा, कड, जमीन. रोजची तारीख, रोजचा आकडा. दसऱ्यापुढे पानं कोरी. दसऱ्याच्या तारखेला सतरा लिहिलेलं, आणि त्यापुढे पेनाने ओढलेल्या नऊ उभ्या रेघा.

"आई, हे नऊ कशाचे?"

कौमुदीबाईंनी तिच्या हातातून वही घेतली. घड्याळ बघितलं. कूस बदलायची वेळ झाली होती.

"ते धरलेले नाहीत," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या पाठीखाली दोन्ही हात घातले.